खाऱ्या पाण्यातला गाळ : प्रवाळपेटीसाठी गाळणी कशी निवडावी?

प्रतिनिधी

दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी असली की पाहुण्यांचे लक्ष आधी तिच्याकडेच जाते. निळसर प्रकाशात डोलणारे प्रवाळ, त्यांच्या आडोशाने वावरणारे नारिंगी क्लाऊनफिश, वाळूत तोंड खुपसून काहीतरी शोधणारे गोबी मासे यांत मंडळी रमून जातात. पेटीखालच्या लाकडी कपाटाचे दार मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही. पेटीचा खरा संसार चालतो तो त्या कपाटात.

तेथे काचेची किंवा ॲक्रिलिकची आणखी एक टाकी असते. हौशी मत्स्यपालक तिला ‘संप’ म्हणतात. वृत्तपत्राच्या वाचकाला संप म्हटले की गिरणी कामगार आठवणार हे उघड आहे. पण काही गावांत घराच्या अंगणाखाली असलेल्या पाण्याच्या टाकीलाही संप म्हणतात आणि मत्स्यपालकांचा संप त्याच गोत्रातला. वरच्या पेटीतील पृष्ठभागाचे पाणी एका बांधावरून ओसंडून नळीवाटे खाली संपमध्ये येते, तेथील कप्प्यांतून फिरते आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर जाते. या फेऱ्यात पाणी गाळले जाते, फेसाळून स्वच्छ केले जाते, गरम किंवा थंड केले जाते. वरच्या पेटीत एकही कुरूप यंत्र दिसू नये, ही या रचनेची मोठी सोय आहे.

या फेऱ्यातील पहिली पायरी म्हणजे यांत्रिक गाळण, अर्थात पाण्यातील डोळ्यांना दिसणारा कचरा अडवणे. न खाल्लेले अन्न, माशांची विष्ठा, शेवाळाचे तुटलेले तंतू, खडकांवरून सुटलेला भुसभुशीत गाळ हा तो कचरा. तो अडवण्यासाठी बाजारात चार-पाच प्रकारची साधने मिळतात आणि नवा मत्स्यपालक येथेच गोंधळतो. दुकानदार म्हणतो हे घ्या, मित्र म्हणतो ते घ्या, आणि तिसरा कोणी अनुभवी गृहस्थ सांगतो की गाळणी लावूच नका. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कसे, हे समजून घ्यायचे तर आधी गाळणी नेमके काय करते हे पाहायला हवे.

गाळणी कचरा धरून ठेवते, एवढेच

चहाच्या गाळणीत चोथा राहतो आणि चहा कपात उतरतो. तेथे दोघांची फारकत होते. प्रवाळपेटीच्या गाळणीत तसे होत नाही. अडवलेला कचरा गाळणीतच असतो, पण त्याच्यामधून पाणी अहोरात्र वाहत राहते. चहा गाळून झाल्यावर तोच चहा दिवसभर त्याच चोथ्यातून पुन:पुन्हा ओतत राहावा, तसा हा प्रकार. कचरा कुजतो, त्यातील विद्राव्य घटक पाण्यात उतरतात आणि पाणी दिसायला स्वच्छ असूनही आतून बिघडत जाते. कचरा खऱ्या अर्थाने पेटीबाहेर पडतो तो गाळणी काढून धुतली जाते त्या क्षणी. तोवर तो फक्त एका जागी गोळा झालेला असतो.

यामागील रसायनशास्त्र थोडक्यात असे. अन्नातील प्रथिने कुजली की अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना घातक, तर नायट्रेट तुलनेने सौम्य. पण प्रवाळांच्या पेटीत तेही फार साठून चालत नाही. बहुतेक जाणकार ते लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करतात. फॉस्फेट वाढले की प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा बनण्यास अडथळा येतो, आणि दोन्ही वाढले की खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ माजते.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, पेटी ४०० लिटरची आहे आणि दिवसाला ५ ग्रॅम कोरडे अन्न घातले जाते. हे प्रमाण सढळ हाताचे झाले, पण घरात मुले असली की अन्न सढळच पडते. अन्नात ४५ टक्के प्रथिने धरली तर ती सव्वादोन ग्रॅम होतात. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.३६ ग्रॅम. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते १.६ ग्रॅम भरेल आणि ४०० लिटर पाण्यात ते रोज लिटरमागे ४ मिलिग्रॅम या गतीने वाढेल. प्रत्यक्षात इतके होत नाही. काही नायट्रोजन माशांच्या शरीरात जातो, काही शेवाळ खाते, काही खडकांच्या आतील प्राणवायूविरहित पोकळ्यांत वायुरूप होऊन निघून जातो. तरीही आठवडाभर न धुतलेल्या गाळणीत काय दडलेले असते, याची कल्पना या आकड्यावरून यावी. मरुस्थळासारखी उजाड झालेली पेटी पाहून ‘प्रकाश कमी पडला असेल’ म्हणणाऱ्यांनी आधी कपाटाचे दार उघडावे.

जकार्ता, बर्लिन आणि गाळणीचे राजकारण

गाळणी लावावी की नाही, हा वाद जुना आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१मध्ये आपली ‘निसर्गपद्धती’ मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी आणि हवेचे हलके बुडबुडे, एवढ्यावर त्यांची पेटी चाले. गाळणी नाहीच. पुढे १९८०च्या दशकात याच्या अगदी उलट टोकाची ठिबक गाळणीची पद्धत लोकप्रिय झाली. जॉर्ज स्मिट यांनी १९८६मध्ये अमेरिकेतील एका मासिकात तिच्याविषयी लेखमाला लिहिली. तीत पाणी आधी स्पंज किंवा कापसातून गाळून मग प्लास्टिकच्या चेंडूंवर ठिबकत सोडले जाई. चेंडूंवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट मोठ्या झपाट्याने करीत, पण त्या नायट्रेटचे पुढे काय, याला उत्तर नव्हते. ‘नायट्रेटचा कारखाना’ हे कुत्सित नाव या गाळण्यांना त्यातूनच पडले.

त्याच सुमारास जर्मनीत बर्लिनच्या हौशी मंडळींनी वेगळी वाट धरली. भरपूर सच्छिद्र खडक, प्रखर प्रकाश आणि शक्तिशाली प्रोटीन स्किमर ही त्यांची त्रिसूत्री होती. स्किमर हे बारीक बुडबुड्यांचे यंत्र. समुद्राच्या लाटांवर फेस येतो त्याच तत्त्वाने ते पाण्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फेसासोबत एका पेल्यात गोळा करते. पदार्थ कुजण्याआधीच तो पाण्याबाहेर निघतो, हे त्याचे मर्म. बर्लिनकरांनी कापूस आणि स्पंज जवळजवळ हद्दपार केले. आजही जे अनुभवी लोक गाळणी नको म्हणतात ते बहुधा याच परंपरेतले असतात. त्यांचा दुसरा मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पाण्यात तरंगणारे सगळेच कचरा नसते. कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी, त्यांची पिल्ले, अन्नाचे बारीक कण हे प्रवाळांचे आणि काही माशांचे खाद्य आहे. केवळ असे सजीव टिपून जगणारा मँडरिन मासा पाळायचा आणि दुसरीकडे बारीक जाळीने तेच सजीव गाळून फेकायचे, हा उद्योग उफराटा ठरतो.

मग गाळणी हवीच कशाला? कारण बर्लिनच्या पद्धतीत माशांची संख्या मर्यादित असे, अन्नही बेताने. आपल्याकडे घरोघरी दिसते ते चित्र वेगळे असते. मासे जास्त, खडक कमी, स्किमर परवडेल तेवढा. अशा पेटीत गाळ संपच्या तळाशी आणि खडकांच्या फटींत साचतो, तेथेच कुजतो आणि तो काढणे गाळणी धुण्याहून कितीतरी अवघड होऊन बसते.

कापूस, स्पंज, मोजा आणि गुंडाळी

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पॉलिएस्टरचा पांढरा कापूस. उशीत भरतात तसलाच, पण रंग किंवा अग्निरोधक रसायन नसलेला घ्यावा लागतो. तो पाण्याच्या वाटेत पसरायचा आणि मळला की फेकून द्यायचा. धुण्याची भानगड नाही. बारीक कण तो उत्तम पकडतो, मात्र दोन-तीन दिवसांतच कोंदतो आणि मग पाणी त्याच्या कडेने वाट काढते. कापूस नीट दाबून बसवलेला नसेल तर पहिल्या दिवसापासूनच काढते. छोट्या पेटीसाठी, नित्यनेमाने लक्ष देणाऱ्या माणसासाठी याहून सोपे काही नाही. शंभर लिटरच्या आतील पेटीला महागडे साधन सुचवणारा दुकानदार स्वत:चा फायदा पाहत असतो, असे खुशाल समजावे.

स्पंज टिकाऊ असतो, पण प्रवाळपेटीत तो सर्वांत फसवा प्रकार म्हणावा लागेल. गोड्या पाण्याच्या पेटीत स्पंजवर जिवाणू वाढू देतात आणि तो हळुवारपणे, क्वचित धुतात. तीच सवय घेऊन माणूस खाऱ्या पाण्याकडे येतो आणि स्पंज महिना-महिना तसाच राहतो. प्रवाळपेटीत जिवाणूंचे घर खडकांत असते, त्यामुळे स्पंजाने ते काम करण्याची गरजच नसते. शिवाय संपमधील दोन आडभिंतींच्या मध्ये ठोकून बसवलेला स्पंज कोंदला की त्याच्या अलीकडची पातळी चढते आणि पलीकडच्या, पंपाच्या कप्प्यातील पातळी उतरते. अलीकडे स्किमर असेल तर चढलेल्या पाण्यामुळे त्याचा घाणेरडा पेला पुन्हा पाण्यात ओसंडतो. पलीकडे बाष्पीभवनाची भरपाई करणारे स्वयंचलित यंत्र असेल तर पाणी उडून गेले असे समजून ते गोडे पाणी ओतत राहते. क्षारता घसरू लागते आणि कारण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. स्पंज वापरायचाच असेल तर तो सहज उचलता येईल असा, वरून पाणी ओसंडून जाण्यास जागा ठेवून बसवावा आणि आठवड्यातून दोनदा पिळून धुवावा.

सध्या सर्वाधिक घरांत दिसतो तो मोजा, म्हणजेच फिल्टर सॉक. हा लांब पिशवीचा आकार, तोंडाला प्लास्टिकचे कडे. वरून येणारी नळी त्यात सोडतात. मोजे दोन जातींचे. फेल्टचा मोजा जाडसर, लोकरीच्या कापडासारखा. तो पृष्ठभागावरच नव्हे तर कापडाच्या जाडीतही कण अडकवतो, म्हणून पाणी अधिक नितळ दिसते, पण धुताना तेच कण सहजी सोडत नाही. नायलॉनच्या जाळीचा मोजा तुलनेने ढोबळ गाळतो, मात्र नळाखाली उलटा धरला की दोन मिनिटांत स्वच्छ होतो. ज्याला धुण्याचा कंटाळा आहे त्याने जाळीचा घ्यावा. थोडे कमी गाळणारी, पण वेळेवर धुतली जाणारी गाळणी ही उत्तम गाळून आठवडाभर कुजत राहणाऱ्या गाळणीपेक्षा केव्हाही बरी.

मोज्यावर १०० किंवा २०० असा मायक्रॉनचा आकडा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. आपल्या घरांतील ‘वस्त्रगाळ’ या शब्दाला जी बारीकता अभिप्रेत आहे त्याच्या आसपासचेच हे काम आहे. १०० मायक्रॉनचा मोजा पाणी स्फटिकासारखे करतो आणि तितक्याच लवकर कोंदतो. रोजच्या वापरासाठी २०० मायक्रॉन पुरेसा होतो. खडक हलवून गाळ उडवण्याच्या दिवशी १०० मायक्रॉनचा लावून दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. यापेक्षा बारीक मोजेही मिळतात. त्यांच्या वाटेला सर्वसाधारण मत्स्यपालकाने जाऊ नये.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो मोज्याचा आकार. ४ इंच तोंडाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा मोजा घेतला तर त्याच्या भिंतीचे क्षेत्रफळ साधारण साडेनऊशे चौरस सेंटिमीटर भरते. ७ इंचांचा, ४० सेंटिमीटर लांबीचा मोजा घेतला तर ते सव्वाबावीसशेच्या घरात जाते. किंमत दुप्पट नसते, पण कोंदण्याचा अवधी दुपटीहून अधिक वाढतो. संप बनवून घेतानाच मोठ्या मोज्यासाठी जागा ठेवावी. मागाहून काच कापता येत नाही.

पाण्याच्या प्रवाहाचाही विचार येथे करावा लागतो. संपमधून तासाला पेटीच्या आकारमानाच्या तीन ते पाच पट पाणी फिरले तरी बहुतेकांचे भागते. ४०० लिटरच्या पेटीला हा प्रवाह १,२०० ते २,००० लिटर झाला. प्रवाळांना लागणारी जोरदार खळबळ वरच्या पेटीत बसवलेले लाटांचे पंप करतात. तेवढ्यासाठी संपचा पंप मोठा घेणे म्हणजे मोज्यावर विनाकारण भार टाकणे आणि विजेचे बिल वाढवणे. कप्प्यांचा क्रमही ठरलेला आहे : आधी गाळणी, मग स्किमर, मग शेवाळाचा कप्पा असेल तर तो आणि शेवटी पंप. शेवाळाच्या कप्प्यात वाढणारे कोपेपॉड त्यामुळे गाळणीला चुकवून थेट वर जाऊ शकतात. गाळणीचे समर्थक आणि विरोधक यांच्यातील हा सन्मान्य तोडगा म्हणता येईल.

शेवटचा प्रकार श्रीमंती थाटाचा, म्हणजे स्वयंचलित गुंडाळी. कोई माशांच्या तळ्यांवर वापरले जाणारे हे तंत्र घरगुती संपमध्ये उतरले आहे. पातळ फेल्टचा लांबच लांब पट्टा एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जातो. मधला भाग पाण्यात बुडलेला असतो. तो कोंदला की पाण्याची पातळी चढते, तरंगक किंवा संवेदक ती ओळखतो आणि मोटर पट्टा काही सेंटिमीटर पुढे सरकवते. मळलेला भाग पाण्याबाहेर गुंडाळला जातो. वर जे म्हटले की कचरा धुण्याच्या क्षणीच पेटीबाहेर पडतो, ती अडचण हे यंत्र खरोखर सोडवते. कचरा काही तासांत पाण्याबाहेर जातो. फिरतीची नोकरी असणाऱ्यांना, भरपूर मासे पाळणाऱ्यांना ते वरदान आहे. पण यंत्राची किंमत मोठी, रीळ पुन:पुन्हा विकत आणावे लागते आणि संवेदकावर गाळ चढला तर सगळा पट्टा एका रात्रीत गुंडाळला जाण्याचा किंवा अजिबात न हलण्याचा संभव राहतो. आणखी एक अनपेक्षित तोटा आहे. मासे थोडे असलेल्या पेटीत हे यंत्र लावले तर नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर येऊ शकतात. प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडेदार, चिकट थर वाळूवर पसरतो. अतिस्वच्छतेचा हा आजार घालवणे हिरव्या शेवाळाहून कठीण, असे ज्यांनी तो भोगला ते सांगतात.

धुणे आणि वाळवणे

मोजा किती दिवसांनी बदलावा? दोन ते तीन दिवस हे उत्तर आहे. चार दिवस चालून जातात. त्यापुढे गाळणीचा लाभ घटत जातो. याचा अर्थ एका पेटीला किमान सहा-सात मोजे हवेत. मळलेले मोजे नळाखाली उलटे करून धुवावेत, मग पाण्यात थोडे घरगुती ब्लीच घालून काही तास भिजवावेत आणि पुन्हा भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळवावेत. क्लोरीनचा वास राहिला तर सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवावेत. मत्स्यपालनाच्या दुकानांत ते क्लोरीनविरोधक म्हणून मिळते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा शौचालय धुण्याचे आम्ल कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. साबणाचा तर अंशही नको. साबणाचा लवलेश पेटीत गेला की स्किमर दुधासारखा उतू जातो. नवा कोरा मोजाही एकदा नुसत्या पाण्यात धुऊन घ्यावा, नाहीतर तोच अनुभव येतो.

कपडे धुण्याच्या यंत्रात साबणाविना मोजे धुता येतात आणि ते उत्तम निघतात. पण हा निर्णय घराच्या गृहमंत्र्यांना विचारूनच घ्यावा. ठाण्यातील माझ्या एका स्नेह्यांना त्यांच्या पत्नीने ‘‘अहो, माशांची घाण माझ्या मशीनमध्ये नको, सांगून ठेवते’’ असे बजावले आणि विषय तेथेच संपला. पावसाळ्यात कोकणपट्टीत फेल्टचा मोजा तीन-तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर मोज्याला कुबट वास येतो. जून ते सप्टेंबर जाळीचे मोजे किंवा फेकून देण्याचा कापूस वापरणे हा त्यावर साधा उपाय आहे.

वीज गेली, मोजा कोंदला

याच स्नेह्यांच्या घरी घडलेला प्रसंग गाळणीच्या निवडीत कोणती गोष्ट सर्वप्रथम पाहावी, हे मला शिकवून गेला. त्यांचा मोजा संपच्या बाहेरील काठाला अडकवलेला होता आणि मोज्याचे तोंड संपच्या काठाहून बोटभर वर आले होते. कामाच्या गडबडीत नऊ दिवस तो बदलला गेला नाही. एका रात्री मोजा पूर्ण कोंदला आणि वरून येणारे पाणी मोज्याच्या काठावरून थेट जमिनीवर उतरू लागले. पंपाचा कप्पा रिकामा होत गेला तसे स्वयंचलित भरणी यंत्र आपल्या टाकीतील गोडे पाणी ओतत राहिले. पहाटे दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचा तरुण उभा होता. ‘‘काका, आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी गळतंय, आणि खारट लागतंय.’’ चाळीस लिटरची भरणीची टाकी रिकामी झाली होती, पेटीची क्षारता हजारी ३५वरून ३२च्या खाली आली होती. मासे वाचले. दोन प्रवाळ पुढच्या पंधरवड्यात पांढरे पडले. शेजाऱ्यांच्या छताला रंग द्यावा लागला तो वेगळाच.

मोज्याचे तोंड संपच्या काठाच्या आत आणि खाली असते तर काय झाले असते? कोंदलेल्या मोज्यावरून पाणी संपमध्येच ओसंडले असते. न गाळलेले पाणी वर गेले असते, त्यापलीकडे काही नाही. म्हणूनच कोणतीही गाळणी विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : ही पूर्ण तुंबली तर पाणी कोणत्या वाटेने जाईल? याचे उत्तर ‘संपमध्येच’ असे नसेल तर ती गाळणी कितीही नामांकित असो, घेऊ नये.

विजेचा प्रश्न याला जोडूनच येतो. पंप थांबला की वरच्या पेटीतील पाणी बांधाच्या पातळीपर्यंत खाली उतरते. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद पेटीची पातळी केवळ ३ सेंटिमीटर उतरली तरी साडेएकवीस लिटरहून अधिक पाणी संपमध्ये येते. संप ७५ बाय ४० सेंटिमीटरचा असेल तर त्याची पातळी सुमारे ७ सेंटिमीटर चढेल. एवढी जागा संपमध्ये कायम मोकळी हवी. गुंडाळीचे यंत्र बसवलेले असेल तर त्याचे मोटर आणि तारांचे भाग या चढलेल्या पातळीच्याही वर राहतील, हे पाहावे लागते. वीज परत आल्यावर पहिली काही मिनिटे संपची पातळी उंचच असते आणि स्किमर त्या वेळी ओसंडू शकतो. त्याला काही मिनिटे उशिरा सुरू करणारा टायमर लावणे श्रेयस्कर.

प्रवाळ आणि कायदा

या छंदाविषयी लिहिताना एक बाब सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सर्व कठीण, दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या परिशिष्टात २००१मध्ये स्थान देण्यात आले. अधिनियमात २०२२मध्ये मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तरी प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. भारतीय समुद्रातून प्रवाळ किंवा त्यांच्या सांगाड्यांचे खडक काढणे, विकणे, घरी ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्याही दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे परदेशांतून आणलेल्या प्रवाळांनाही परवाने आणि नोंदणी लागते. ‘सगळे विकतात’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ज्यांनी पाण्याखाली तोंड घालून प्रवाळ पाहिले आहेत, त्यांना हा कायदा कशासाठी आहे हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग पेटीत काय ठेवावे? भट्टीत भाजलेले किंवा सिमेंटपासून बनवलेले कृत्रिम सच्छिद्र खडक मिळतात. काही आठवड्यांत जिवाणू त्यांत वस्ती करतात. मऊ प्रवाळांपैकी काही जाती या परिशिष्टात नाहीत, पण घेण्यापूर्वी जात कोणती, ती कोठून आली आणि कागदपत्रे काय आहेत हे वनविभागाकडून खात्री करून घ्यावे. केवळ मासे आणि खडक असलेली खाऱ्या पाण्याची पेटीही कमी देखणी नसते. तिच्यात मासे अधिक असतात, त्यामुळे गाळणीचे महत्त्व उलट वाढतेच.

कोणाच्या घरी काय?

शंभर लिटरच्या आसपासची पेटी आणि रोज पंधरा मिनिटे देणारा माणूस असेल तर कापूस. तीन-चारशे लिटरची पेटी, बेताचे मासे, चांगला स्किमर असेल तर २०० मायक्रॉनचा मोठा मोजा. आणि धुण्याचा उत्साह आटल्याचे जाणवले तर तोच जाळीचा. मोठी पेटी, खादाड टँग मासे आणि आठवड्यातून चार दिवस घराबाहेर असणारा मालक असेल तर गुंडाळीचा खर्च सत्कारणी लागतो. खडक भरपूर, मासे मोजके आणि मँडरिन पाळण्याची हौस असेल तर गाळणी नित्य न लावता केवळ साफसफाईच्या दिवशी मोजा अडकवावा आणि संपच्या पहिल्या कप्प्याच्या तळाचा गाळ पंधरा दिवसांनी नळीने ओढून काढावा.

गाळणी बसवून झाली की त्याच दिवशी, घरात सगळे जागे असताना, एक चाचणी करावी. मोज्याच्या जागी तळाशी गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी लावून तो पूर्ण तुंबल्यासारखी स्थिती निर्माण करावी आणि पाणी कोठून ओसंडते ते पाहावे. त्यानंतर पिशवी काढून पंपाचा स्विच बंद करावा आणि दहा मिनिटे थांबावे. संपमधील पाणी चढत चढत जेथे स्थिरावेल तेथे काचेवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने रेघ ओढावी. पंप पुन्हा सुरू करून पाणी खाली आले की त्या पातळीलाही दुसरी रेघ. पेटीत पाणी भरताना ही दुसरी रेघ ओलांडायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषत: सुट्टीत पेटी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला, दाखवून ठेवावे.